दूधसागरची वाट

(गिरिभ्रमणाची आवड असलेले युवक आणि त्यांचे पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘दूधसागरची पदयात्रा : एक रोमांचक अनुभव’ असा. यातील ‘पदयात्रा’ मला मान्य आहे. ‘रोमांचक’ या शब्दाशी मात्र माझे जरा जुने भांडण आहे. ते भांडण आज आपल्यासमोर मोकळेपणाने मांडावे, एवढ्याचसाठी मी हे निमंत्रण स्वीकारले. मी गिर्यारोहक नव्हे. मराठी आणि इतिहास घेऊन पदवी घेतलेला, तीस वर्षे वृत्तपत्रात लेखणी झिजवलेला एक साधा पत्रकार आहे. पण दूधसागरला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा वेगळ्या वयात, वेगळ्या नात्याने. त्या तीन वाऱ्यांची हकिकत सांगतो.

प्रथम स्थळाविषयी थोडे. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, सह्याद्रीचा कडा जिथे एकदम खाली उतरतो, तिथे हा प्रपात आहे. उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडी अधिक. चार टप्प्यांत पाणी उतरते. खाली ती दूधसागर नदी होते, पुढे खांडेपार म्हणून ओळखली जाते आणि अखेरीस मांडवीत मिसळते. पणजीच्या धक्क्यावर उभे राहून आपण जे पाणी पाहतो, त्यातले काही या कड्यावरून उडी घेऊन आलेले असते. आपल्याकडचे नाणेघाट-माळशेजचे काळे कातळ पाहण्याची सवय असलेल्या माणसाला इथला दगड निराळा वाटतो, आणि तो आहेही निराळा. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा; दूधसागरचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, त्या लाव्ह्याहून कितीतरी प्राचीन. त्या खडबडीत उतारावर पाणी एकसंध पडत नाही, आपटत, फुटत, हवेत मिसळत येते. असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. स्थानिक कथा याहून गोड आहे. राजकन्या स्नान करून सोन्याच्या घड्यातले साखर घातलेले दूध पीत होती, झाडीतून कोणी राजपुत्र पाहत असल्याचे लक्षात आले, तेव्हा सख्यांनी दुधाची धार सोडून तिच्यासमोर पडदा धरला. तोच पडदा अजून वाहतो आहे, असे तिथले लोक सांगतात. मला दोन्ही स्पष्टीकरणे मान्य आहेत.

आणि या प्रपाताच्या अंगावरून, साधारण मध्यावरून, आगगाडी जाते! १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मार्मागोव्याच्या बंदराला ब्रिटिश मुलुखाशी जोडणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात या घाटातून खोदला गेला. घाटाला नाव मिळाले पोर्तुगालच्या राजघराण्याचे, ब्रागांझा. वर कॅसलरॉक, खाली कुळे. मध्ये करंझोळ, दूधसागर आणि सोनावळी. सुमारे सव्वीस किलोमीटरचा उतार, आणि तो इतका तीव्र की सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट खाली. चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. बोगद्यांमागून बोगदे आहेत, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ज्यांनी हे बोगदे खोदले त्या मजुरांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे स्थानक होते. तिथे सामानाची झडती होई. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून गेलेले सत्याग्रही जेव्हा चहू बाजूंनी गोव्यात शिरले, तेव्हा कॅसलरॉकच्या वाटेनेही एक तुकडी हद्दीत शिरली होती आणि तिच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाटेला आपण नुसते सहलीचे ठिकाण समजू नये.

माझी पहिली वारी १९९१ ची. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही पाच मित्र. पुण्याहून मिरज, मिरजेला गाडी बदलून मीटरगेजच्या छोट्या डब्यातून लोंढा आणि तिथून कॅसलरॉक. त्या काळी सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये दूधसागरची एकच वाट प्रसिद्ध होती : कॅसलरॉकला उतरायचे आणि रुळांवरून चालत सुटायचे. चौदा किलोमीटर. कोणी हटकत नसे. स्थानकावरच्या एका वृद्ध पोर्टरने आम्हाला चहा पाजला आणि एवढेच सांगितले, “पोरांनो, बोगद्यात कोनाडे आहेत. गाडी आली की कोनाड्यात शिरा, भिंतीला पाठ लावा आणि डोळे मिटा.” आम्हाला ते फार आवडले. डोळे मिटा म्हणे!

सप्टेंबरचा शेवट होता. रात्रभर पाऊस पडून पहाटे उघडला होता. स्लीपरमधले अंतर माणसाच्या पावलाला कधीच जुळत नाही. एकावर एक टाकले तर पाऊल आखूड पडते, एक सोडून टाकले तर उडी मारावी लागते. तासाभरात पोटऱ्या भरून आल्या. खडीवरून घसरायला होई. पण बोगद्यातून बाहेर पडले की एकदम हिरवा प्रकाश अंगावर यायचा, खाली ढगांनी भरलेली दरी असायची आणि कुठूनतरी शीळकरी कस्तूर शीळ घालायचा. एखाद्या निवांत माणसाने काम करता करता वाजवावी तशी, अर्धवट सोडून दिलेली. जळवांनी आमची मोजणी केली. एकाच्या मोज्यात सतरा निघाल्या. मग एका वळणावर आधी आवाज आला. पाण्याचा आहे की गाडीचा, यावर आमची पैज लागली. वळण संपले आणि समोर पूल, पुलाच्या मागे तो उभा!

उभा म्हणतो, कारण तो पडतो आहे असे पहिल्या क्षणी वाटतच नाही. मान वर करावी तर टोक धुक्यात, खाली वाकून पाहावे तर पाय धुक्यात. आपण मध्ये कुठेतरी. पुलावर उभे राहिले की पाण्याचा वारा अंगावर येतो, शब्द ऐकू येत नाहीत. आमच्यातला सर्वांत बडबड्या मित्र वीस मिनिटे एक अक्षर बोलला नाही. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानंतर मी त्याला इतका वेळ गप्प बसलेला पाहिलेला नाही.

दोन वर्षांनी मी वृत्तपत्रात लागलो. पहिल्याच पावसाळ्यात संपादकांनी रविवारच्या पुरवणीसाठी काहीतरी ‘ओले’ लिहायला सांगितले आणि मी या वारीवर लेख लिहिला. बोगद्यातला अंधार, पाठीमागून येणारा इंजिनाचा भोंगा, कोनाड्यात अंग चोरून उभे राहणे. खरे सांगायचे तर १९९१ साली आम्ही बोगद्यात असताना एकही गाडी आली नव्हती. ती मी लेखात आणली. लेख गाजला. पत्रे आली. किती तरुणांनी लिहिले की आम्हीही या वाटेने जाऊन आलो. मला कोण अभिमान वाटला!

लेखात मी आणलेली ती गाडी २००४ मध्ये खरोखरच आली.

तोवर मार्ग ब्रॉडगेज झाला होता. लोहखनिजाची निर्यात जोरात होती आणि घाटातून मालगाड्यांची रीघ असे. आमच्या भागातल्या मुलांची सहल घेऊन मी निघालो. सतरा मुले, नववीपासून बारावीपर्यंतची. नेता मी, कारण लेख माझा! गोवा एक्स्प्रेसने पहाटेच्या अंधारात कॅसलरॉकला उतरलो. मी पुढे, बारावीतला एक जाणता मुलगा सर्वांत मागे. बोगद्याच्या तोंडाशी थांबायचे, कानोसा घ्यायचा, मग रांगेने आत शिरायचे, आत कोणी रेंगाळायचे नाही, एवढे नियम मी घालून दिले होते. बरे नियम होते. पण पाऊस कोसळत होता, आणि त्या पावसात कानोसा कसला घेणार?

एका वळणदार बोगद्यात आम्ही निम्मे अंतर कापले असेल. वळणदार बोगद्यात पुढचे तोंड दिसत नाही, मागचेही दिसत नाही. आधी रुळांतून थरथर आली. मग हवा बदलली. बोगद्यातली हवा पुढे रेटली जाते, कानांना ते कळते. मी ओरडलो, विजेरी हलवली. मुले कोनाड्यांत शिरली, काही भिंतीला चिकटली. वरून उतरणारी खनिजाची मालगाडी. किती डबे, देव जाणे. प्रत्येक डबा हाताच्या अंतरावरून जातो, ब्रेकचा जळका वास, लोखंडाचा किंचाळणारा आवाज, अंगावर लालसर चिखल. चित्रपटात हा प्रसंग अर्ध्या मिनिटात संपतो. इथे उताराला गाडी अगदी मंद चालते. मंद म्हणजे संपतच नाही.

गाडी गेली. बोगद्याबाहेर येऊन मी संख्या घेतली. सोळा.

पुन्हा घेतली. सोळा. तिसऱ्यांदा मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजले. अकरावीतला एक मुलगा नव्हता. सर्वांत मागे असलेल्या मुलाला विचारले, तर तो रडायलाच लागला. मी त्यांना तिथेच उभे राहायला सांगून परत बोगद्यात शिरलो. विजेरीचा झोत रुळांवर टाकायचा आणि पुढे पाहायचे नाही, असे करत चाललो. त्या वेळी माझ्या मनात काय होते, हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. त्या मुलाचा पत्ता मला ठाऊक नव्हता. आडनाव ठाऊक होते, पेठ ठाऊक होती. पण घर कुठले, घरी दूरध्वनी आहे का, वडील काय करतात, काहीही नाही. शाळेच्या वहीच्या पानावर मी सतरा नावे लिहून घेतली होती, नुसती नावे. काही विपरीत घडलेच असते, तर निरोप कोणाला द्यायचा होता?

तो वरच्या तोंडाबाहेर सापडला. बुटाची नाडी बांधायला थांबला होता, रांग पुढे गेली, मागच्या मुलाला वाटले तो पुढे गेला. गाडी अचानक वळणावरून आली तेव्हा तो कड्याच्या बाजूच्या पाण्याच्या चरात आडवा झाला. गुडघा फुटला होता, त्यात खडी रुतली होती. बाकी धड. मला पाहून म्हणाला, “काका, माझी बॅटरी पाण्यात गेली.” गाडी गेल्यापासून तो सापडेपर्यंत किती वेळ गेला, हे मी नंतर घड्याळावरून हिशेब करून काढले. अकरा मिनिटे.

त्या दिवशी आम्ही धबधबा पाहिला. मुलांनी पाहिला, असे म्हणू. मी पुलावर सारखा मोजत होतो. परतल्यावर सहल उत्तम झाली, असे मी सर्व पालकांना सांगितले. गुडघ्याला काय झाले, असे कोणी विचारलेच तर खडकावर घसरला असे सांगायचे, हे गाडीतच ठरवले होते. ठरवणारा मी. या सभागृहात मुलांना सत्य बोलावे म्हणून शिकवणारे अनेक आई-वडील बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता जुलै २०२३. एका रविवारी दूधसागरच्या वाटेवर शेकडो तरुण लोटले. मधल्या काळात तो लोकप्रिय हिंदी चित्रपट येऊन गेला होता आणि प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरण करणारा भ्रमणध्वनी आला होता. रेल्वेने रुळांवरून चालण्यास मनाई केलेली होती. गोव्यात त्याच पावसाळ्यात धबधब्यांवर बुडून माणसे दगावल्यामुळे वन खात्यानेही अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेश बंद केला होता. तरीही गर्दी आली. रेल्वे पोलिसांनी काही तरुणांना रुळांशेजारी कान धरून उठाबशा काढायला लावल्या. ते चित्रीकरण देशभर फिरले. आपणही पाहिले असेल. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पोलिसांनी शिक्षा दिली ती योग्य की अयोग्य, यावर मी काही म्हणणार नाही. रेल्वेच्या कायद्यात, १४७ व्या कलमात, अनधिकृत प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार रुपयांपर्यंत दंड आहे. उठाबशा त्यात नाहीत. पण त्या संध्याकाळी मला एका परिचिताचा दूरध्वनी आला. हसतच म्हणाले, “अहो, आमचे चिरंजीव होते त्या उठाबशांत! तुमच्या लेखाचं कात्रण आमच्या घरी अजून आहे. मी ते वाचून गेलो होतो, आता हा गेला.” ते हसत होते. मला हसू आले नाही.

त्या रात्री मी ते कात्रण माझ्याकडच्या फाइलमधून काढून वाचले. लेख वाईट नाही. पण त्यात एकही वाक्य असे नाही, जे वाचून कुणा मुलाने घरी पत्ता लिहून ठेवावा. तिथे नसलेली गाडी मी आणली आणि तिथे असलेला धोका गाळला. पत्रकाराच्या हातून याहून मोठी चूक काय होणार?

दुसऱ्या दिवशी मी त्या अकरावीतल्या मुलाच्या घरी गेलो. तो आता परदेशात नोकरीला असतो. वडील गेले. आई एकट्या राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. एकोणीस वर्षांनी मी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन सरबत आणले. मग म्हणाल्या, “मला त्याच रात्री कळलं होतं, भाऊ. पँट धुवायला टाकली तर लाल चिखल आणि वंगण. गुडघ्यातून खडीचे दोन कण मीच काढले. खडकावर कुठलं आलंय वंगण? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, आणि मग ह्यांनी त्याला पुन्हा कुठे पाठवलं नसतं.” थोडे थांबून म्हणाल्या, “तुम्ही मात्र यायला हवं होतं.”

यावर मी काय बोलणार होतो? सरबत प्यायलो आणि निघालो.

मित्रहो, कोणी म्हणेल, तुम्ही गेलात, पाहिलेत, आता आम्हाला अडवता. असा आक्षेप रास्तच आहे. आम्ही गेलो तेव्हा दिवसाला मोजक्या गाड्या आणि वर्षाला मोजकी माणसे होती. आता दोन्ही वाढले. घाटाचेही पूर्वीसारखे राहिलेले नाही. २३ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान एका प्रवासी गाडीचे इंजिन आणि डबा रुळांवरून घसरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या वेळी रुळांच्या कडेला चालणाऱ्यांची रांग असती तर? याच घाटात दुसरा रूळ टाकण्याच्या योजनेला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा या जंगलाचा विचार पुष्कळ झाला. जंगलाचा विचार करणाऱ्या तरुणांनी रुळांवरच्या लोको पायलटचाही करावा. उताराला लागलेली गाडी त्याला जागच्या जागी थांबवता येत नाही, आणि आपल्यापैकी एकाची चूक तो माणूस जन्मभर उरात बाळगतो.

पाण्याविषयीही बोलले पाहिजे, कारण दूधसागर नाही तर दुसरा कुठलातरी धबधबा आपण गाठणारच. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या अंगाला ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. लहान मुले होती त्यात. ते कुटुंब प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना धरून उभे होते, तेही चित्रीकरणात आहे. लोक म्हणाले, पाणी अचानक वाढले. पाणी अचानक वाढत नाही. ते वर, डोंगरमाथ्यावर, आपल्या दृष्टीआड पडलेले असते आणि सगळ्या ओहळांतून एकाच नळीत येऊन मिळते. आपल्या डोक्यावर ऊन असते, म्हणून आपल्याला ते अचानक वाटते. दूधसागरचे पाणलोट क्षेत्र कड्याच्या वर, कर्नाटकात आहे; खाली डोहाशी बसलेल्या माणसाला तिथला पाऊस कसा कळावा? पण पाणी स्वतः सांगते. निवळ पाणी गढूळ होऊ लागते, काटक्या आणि हिरवी पाने वाहत येतात, आवाजाचा पोत जाड होतो, मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो. यातले एक जरी दिसले तरी वस्तू गोळा करत बसू नये, उठावे आणि वर चढावे. आणि मुळात प्रवाह ओलांडून पलीकडे जेवायला बसू नये. जिकडून परतायचे आहे त्याच काठावर बसावे. माझ्या लहानपणी गावाकडच्या बायका ओढ्यावर धुणे नेत. त्यांना हे कुणी शिकवले नव्हते, तरी त्यांचे गाठोडे नेहमी गावाच्या काठालाच असे. खांद्यावरची पिशवी, चपला, भ्रमणध्वनी यांच्यासाठी पुन्हा पाण्यात उतरलेल्यांच्या बातम्या मी स्वतः लिहिलेल्या आहेत. त्या लिहिताना मथळ्यात वय द्यावे लागते. बहुतेक वेळा ते वीसच्या आसपास असते.

आणि भर जुलैत जाण्याचा हट्ट तरी कशासाठी? जुलैत दूधसागर बहुधा ढगात बुडालेला असतो. शेकडो मैल जाऊन पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेऊन परतलेले कितीतरी लोक मला भेटले आहेत. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, पाणी भरपूर असते आणि आकाश निळे.

माझी तिसरी वारी तशीच झाली. ऑक्टोबर २०२४. पत्नी, मुलगी आणि शेजारची दोन कुटुंबे. कुळ्याला उतरलो, वन खात्याचे शुल्क भरले, तिथल्या लोकांच्या जीपमध्ये बसलो. जीवरक्षक जाकीट अंगात चढवताना मला जरा लाज वाटली, हे कबूल करतो. एकेकाळी रुळांवरून आलेला मनुष्य! जीप नदीचे ओढे ओलांडत, जंगलातून डुलत जाते. हे भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान, मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. शेकरू दिसले, धनेशाच्या पंखांचा फडफडाट ऐकू आला. जीप थांबते तिथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांमधून पायी जावे लागते. अंतर थोडे आहे, पण ओल्या मुळांवरून आणि गुळगुळीत दगडांवरून तोल सांभाळत जाताना पन्नाशीतल्या गुडघ्यांना ते पुरेसे आहे. ही पदयात्राही खरीच. चालक तरुण होता, तिथलाच. म्हणाला, पावसाळ्यात चार महिने हा धंदा बंद असतो, तेव्हा आम्ही शेती करतो. मग माकडांकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यांचा मात्र वर्षभर चालतो.” पाहुण्यांच्या हातातल्या वेफर्सच्या पुड्या माकडे अक्षरशः हिसकावून नेत होती. पाहुणे त्यावर खूश! जंगलातल्या प्राण्याला भीक मागायला शिकवण्यात आपल्याला एवढा आनंद का व्हावा, हे मला समजत नाही.

खालून दिसणारा दूधसागर मी प्रथमच पाहत होतो. पुलावरून पाहताना आपण त्याच्या मध्यावर असतो, त्याचे अर्धे अंग आपल्याला दिसत नाही. खालून तो सबंध दिसतो. वरचा टप्पा, मग पसरलेली शुभ्र चादर, तिच्या कमरेला पुलाच्या कमानी आणि शेवटी हिरव्या डोहात शिरणारे पाणी. मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही कुठे उभे होतात?” मी पुलाकडे बोट दाखवले. तेवढ्यात वरून गाडी गेली. इतक्या खालून तिचा आवाज येत नव्हता, पाण्याने तो गिळला होता. खिडक्यांतून हात हलत होते. मी सवयीने डबे मोजू लागलो आणि मध्येच विसरलो.

यंदा ऑक्टोबरमध्ये आपले मंडळ कुळ्याच्या वाटेने दूधसागरला जाणार आहे. तीस जणांची मर्यादा आहे, जेवण बरोबर न्यायचे आहे, रुळांवर कोणी पाऊल टाकणार नाही. वर पाऊस सुरू असल्याचे कळले, तर कुळ्याहूनच परत फिरायचे आहे. त्या दिवसाचे पैसे बुडतील, हे आधीच सांगून ठेवतो. नावनोंदणीची वही बाहेर पडताना दाराशी उजव्या हाताला टेबलावर ठेवली आहे. पालकांना विनंती, की नावासमोर पूर्ण पत्ता आणि घरातील दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक आपल्या हाताने लिहावेत. ते रकाने मोकळे असतील, तर मी नाव घेणार नाही.